अर्धी कापलेली स्ट्रिप
(नैराश्य आणि त्यालगतच्या आजारांवरील औषधांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना)

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका दुपारी, एक बाई सुरतेतल्या माझ्या डिंडोलीच्या मेडिकलमध्ये आल्या. साड्यांना लेस आणि खडे लावायचं काम घरी करणाऱ्या. बोटांच्या टोकांवर गोंद वाळून पापुद्रे धरलेले. पदराच्या गाठीतून त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि काउंटरवर ठेवली. “भाऊ, ही परत घ्या. हिच्यानं मळमळतं, पोटात कालवतं. आणि मन तर होतं तसंच आहे.” एस्सिटालोप्राम, १० मिलिग्रॅम. दहापैकी सहा गोळ्या संपलेल्या. म्हणजे सहा दिवस झालेले.

वापरलेली स्ट्रिप परत घेता येत नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं. दुकानात गर्दी होती. मळमळ आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. आणि मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी सहासुद्धा लागतात. तीन वाक्यांचं सांगणं होतं. ते मला येत होतं आणि मी सांगितलं नाही. बाईंनी उरलेल्या चार गोळ्या पुन्हा गाठीत बांधल्या आणि निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

दोन डॉक्टर आणि एक निवृत्त मराठी शिक्षिका यांनी ही पुस्तिका लिहिली आणि प्रस्तावना माझ्याकडे मागितली, तेव्हा मी आधी नकार दिला होता. मी फार्मासिस्ट. आजार ओळखणं माझं काम नाही. पण औषध चालू झाल्यावर माणूस ते नेमकं कुठे सोडतो, हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळतं. पहिल्या महिन्यात चिठ्ठी घेऊन येणारा दुसऱ्या महिन्यात दिसत नाही, आणि दवाखान्यात समजूत असते की गोळ्या चालू आहेत. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की नैराश्यावरच्या औषधांचा पराभव बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात होतो. त्रास आधी येतो, गुण मागून येतो, आणि मधल्या दिवसांत रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी नसतं.

भाषेचा मुद्दा सुरतेत फार खरा आहे. उधना, लिंबायत, नवागाम, गोडादरा, पांडेसरा इथल्या गल्ल्यांत संध्याकाळी उभं राहावं, कानावर अहिराणी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं तापी व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून इथे आली आणि डाइंग मिलमध्ये, कापड मार्केटमध्ये, लूमवर लागली. महापालिकेच्या मराठी शाळांत त्यांची मुलं शिकली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, मार्केटात गुजराती, दवाखान्यात हिंदी. बाई घरी म्हणते, “मना जीव लागत नही.” दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं “कमजोरी है” होतं. मग शक्तीच्या गोळ्या मिळतात, फार तर एक बाटली चढवतात. जीव न लागणं हिंदीत कसं सांगायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. पुरुष तेवढंही सांगत नाहीत; ते छातीत धडधडतं म्हणून कार्डिओग्राम काढून येतात आणि तो नॉर्मल निघाला की आणखी घाबरतात. म्हणून या पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात व्याख्या आधी येत नाही. झोप पहाटे तीनला उडणं, भाजीला चव न लागणं, लेकराचा आवाजही नकोसा वाटणं, अंघोळीला उठायचा कंटाळा, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, या घरगुती शब्दांतल्या खुणा आधी येतात. त्या दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर डॉक्टरांकडे जायचं, आणि जाताना त्याच शब्दांत सांगायचं.

बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. गुजरात त्यात होतं, महाराष्ट्र नव्हतं. दर २० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं आढळलं. नैराश्य असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास लोक उपचाराविना होते. हा दुसरा आकडा मी वाचला तेव्हा मला बाईंच्या गाठीतल्या चार गोळ्या आठवल्या. त्या बाई उपचारापर्यंत पोचलेल्यांत मोडतात की न पोचलेल्यांत?

ही औषधं आली कुठून, याची गोष्ट पुस्तिकेत अर्ध्या पानात आटोपली आहे. मला ती फार आवडते, म्हणून इथे थोडी लांबवतो. सुरतेत क्षयाचे रुग्ण कमी नाहीत, आणि क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड हे नाव आमच्या धंद्यात रोजचं. १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात याच औषधाचं भावंड, इप्रोनियाझिड, क्षयरोग्यांना देत होते. फुप्फुसं सुधारायच्या आधीच माणसं उठून बसू लागली, बोलू लागली, जेवण मागू लागली. हा परिणाम क्षयावरचा नव्हता, मनावरचा होता. पाच वर्षांनी ते नैराश्यासाठी वापरलं जाऊ लागलं. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलँड कून स्किझोफ्रेनियासाठी एक औषध तपासत होते. त्या आजारावर ते फारसं चाललं नाही, पण खचलेल्या रुग्णांवर चाललं. ते इमिप्रामिन. १९५७मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. लिथियमचा मनावरचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९मध्येच दाखवला होता.

आपल्याकडचा धागाही यात आहे. सर्पगंधा ही मुळी उत्तर भारतात ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जायची. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये तिच्यावर लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यापासून काढलेलं रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल उदास होतात, हे पुढे डॉक्टरांच्या नजरेला आलं. रिसर्पिन मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं रिकामी करतं आणि इप्रोनियाझिड ती वाढवतं, हे कळल्यावर दोन टोकं जुळल्यासारखी वाटली. मन आणि रसायन यांचा संबंध शोधणाऱ्यांना हे मोठं बळ होतं, आणि त्याचं एक टोक आपल्या जंगलातल्या मुळीत होतं.

पण टोकं वाटली तितकी नीट जुळली नाहीत, हेही सांगायला हवं. “मेंदूत सेरोटोनिन कमी झालं, गोळीने भरून निघतं,” असं आम्ही काउंटरवरून वर्षानुवर्षं सांगत आलो. ते सोपं होतं, पटायचंही. गोळीमुळे पेशींच्या मधल्या फटीतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढतं. मग मन सुधारायला आठवडे का लागतात, याचं उत्तर त्या सोप्या गोष्टीत नाही. २०२२मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कमी सेरोटोनिन हेच नैराश्याचं कारण आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. यावरून काहींनी गोळ्याच खोट्या ठरवल्या. पण तापात पॅरासिटामॉल उतारा देतं, म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता होती असं कोणी म्हणत नाही. औषधाचा गुण आणि आजाराचं कारण या वेगळ्या गोष्टी आहेत. गुण आहे की नाही, हे माणसांवर तपासून ठरतं. २०१८मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, १,१६,४७७ माणसांच्या. सगळी २१ औषधं पोकळ गोळीपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. मात्र फरक माफक होता, आणि एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. बाकीच्यांना औषध बदलावं लागलं किंवा सोबत आणखी एक जोडावं लागलं. पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे आपण बरे होणारच नाही, असा अर्थ लावून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे आकडे पुस्तिकेत ठळक टाइपात घातले आहेत.

आपल्या माणसांवरचा पुरावा हवा असेल तर गोव्यात आहे. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण ओपीडीत येणाऱ्या रुग्णांवर फ्लुओक्सेटिन, समुपदेशन आणि पोकळ गोळी यांची तुलना केली; २००३मध्ये ती लॅन्सेटमध्ये आली. दोन महिन्यांनी औषधाचा गट पोकळ गोळीच्या गटापेक्षा चांगला होता. त्याच गोव्यात पुढे प्रशिक्षण दिलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना गुण आणून दाखवला. म्हणून नैराश्य सौम्य असेल तर आधी बोलणं, दिनक्रम सावरणं, हालचाल, आणि गोळी नंतर. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी आणि बोलणं दोन्ही, असा क्रम या पुस्तिकेत धरला आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ आधी तपासून घ्या, हेही त्यात आहे. थकव्यामागे कधी तेच निघतं.

आता ज्या गोष्टींसाठी मी लेखकांशी सगळ्यात जास्त वाद घातला त्या.

पहिली झोपेच्या गोळीची. आमच्या भागात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिप भरपूर खपतात. पहिल्याच रात्री झोप लागते, आणि गुण आला असं वाटतं. तो गुण क्लोनाझेपामचा असतो. त्याची सवय लागते, मात्रा वाढत जाते, अचानक सोडलं तर फिट येऊ शकते. नैराश्यावरच्या गोळीची तशी तलफ लागत नाही. लोकांना नेमकं उलटं वाटतं: झोपेची गोळी साधी, आणि ‘मानसिक’ गोळी सवय लावणारी. क्लोनाझेपामच्याच कुळातल्या अल्प्राझोलामची विक्री २०१४पासून वेगळ्या वहीत नोंदवावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते, ते उगीच नाही. तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत का, आणि दुसरं किती दिवस घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरी पाळीची. चिठ्ठीवर ०-०-१ लिहिलेलं असतं, म्हणजे रात्री एक. दवाखान्यात कोणी विचारलेलं नसतं की हा माणूस रात्री झोपतो का. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. झोप आणणारी गोळी रात्री आठला घेऊन माणूस यंत्रासमोर उभा राहतो. हाताला पट्टी बांधलेला एक तरुण माझ्याकडे मलम घ्यायला आला, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवरची झोप आणणाऱ्या अमिट्रिप्टिलिनची ओळ मला दिसली. रातपाळीवाल्याची ‘रात्र’ सकाळी नऊला सुरू होते. पाळी बदलली की गोळीची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तिसरी लिथियमची. एकदा मन तळाला आणि एकदा आकाशात, असा द्विध्रुवी आजार असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस उसळू शकतो: झोप नको, पैसे उधळणं, अखंड बोलणं. म्हणून पूर्वी कधी असे दिवस आले होते का, हे डॉक्टरांना सांगायला हवं, आणि ते घरच्यांनाच आठवतं. अशा रुग्णाला लिथियम फार उपयोगी पडतं. पण त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १ मध्ये राहावी लागते. दीडच्या वर गेली की विषबाधा सुरू होते. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मे महिन्यात कापड वाळवणाऱ्या तापत्या स्टेंटरजवळ काम करणाऱ्याचा घाम मोजायला नको. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की लिथियम चढतं. अंग दुखतं म्हणून वर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं की आणखी चढतं. हात जोरात थरथरू लागले, जुलाब-उलट्या झाल्या, चाल डगमगली, बोलणं अडखळलं, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचं. ही ओळ मी तीनदा लिहून घेतली.

चौथी आखाजीची. खानदेशी घरातली लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते. उधन्याहून गाडीत बसते. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथून पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. पिशवीत साड्या असतात, लेकरांचा खाऊ असतो, गोळ्या नसतात. माहेरी कोणी पाहिल्या तर? गावच्या दुकानात मागाव्या तर दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. मग आठ-दहा दिवस गोळी बंद. दोन दिवसांतच चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, विचित्र स्वप्नं. अचानक थांबवल्यावर असं होऊ शकतं. काही औषधांत जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी. बाईला मात्र वाटतं की गोळीनेच आपल्याला बिघडवलं, आणि ती सुरतेला परतून पुन्हा सुरू करत नाही. बरं वाटल्यावरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचं असतं. गोळी साध्या डबीत घालून नेली तरी चालेल, पण न्या.

या वादात एक कबुली माझ्याही वाट्याला आली. पगार हातात पडेपर्यंत लोक पाचच गोळ्या मागतात. आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो. औषधाचं नाव बहुधा आमच्याकडच्या अर्ध्या भागावर राहतं. घरी नुसती पांढरी गोळी जाते. नंतर दुसऱ्या दवाखान्यात विचारतात, कोणती गोळी चालू आहे, आणि उत्तर येतं, “बारीक पांढरी.” लिनेझोलिड हे बिघडलेल्या क्षयावरचं औषध किंवा ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध नैराश्याच्या गोळ्यांबरोबर धोकादायक ठरू शकतं, नावच ठाऊक नसेल तर डॉक्टर तरी काय करणार? आता मी कागदी पाकिटावर नाव, मात्रा आणि वेळ मराठीत लिहून देतो. पुस्तिकेच्या शेवटचं पान त्यासाठीच कोरं ठेवलं आहे.

पुस्तिकेत नैराश्यालगतचा मंत्रचळही (ओसीडी) आहे. हा शब्द आपल्या भाषेत किती जुना आणि किती नेमका! हात पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणं. त्यालाही नैराश्याच्याच औषधांचा गुण येतो, फक्त मात्रा बहुधा जास्त लागते आणि वेळही जास्त. स्किझोफ्रेनियाची औषधं वेगळी. त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, त्यात मी पडत नाही.

गोळीने काय होत नाही, तेही वाचकांनी आमच्याकडून ऐकावं. सुरतेत हिऱ्याला मंदी आली, हिरे घासणाऱ्या रत्नकलाकारांच्या घरी चूल विझायची वेळ आली, आणि २०२४च्या जुलैमध्ये त्यांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. गेलेलं काम, चढलेलं व्याज, दारू पिऊन मारणारा नवरा यांवर फ्लुओक्सेटिन नाही. पण खचलेल्या माणसाला काम शोधायला उठण्याइतकं बळ त्याने येऊ शकतं, आणि तेवढ्यासाठीही ते मोलाचं आहे. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात त्याच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्याने जपाव्यात, एका वेळी थोड्याच आणाव्यात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं. या वयात सुरुवातीला असे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४मध्ये मुलांसाठी आणि २००७मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी दिला. पोलीस केस होईल या भीतीने जीव द्यायचा प्रयत्न लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलं आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, आणि भाषा निवडता येते. मजुरा गेटच्या नवीन सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या स्मीमेरमध्ये मानसोपचार विभाग आहेत.

देवाचं, बाबाचं, दर्ग्याचं करणाऱ्यांना या पुस्तिकेत कुठे हिणवलेलं नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा शेजारी शेजारी मिळाव्यात अशी सोय उभी राहिली, आणि मुजावरच लोकांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. कानबाईची ओटी भरणाऱ्या बाईनेही त्याच हाताने गोळी घ्यावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

छपाई दिवाळीनंतर करावी, असा लेखकांचा विचार होता. मी आखाजीच्या आधीचा आग्रह धरला. पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रती दुकानात कात्रीशेजारी ठेवणार आहे, आणि काही उधना स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्या एका ओळखीच्याकडे, भुसावळ लाइनची गाडी धरणाऱ्यांसाठी. लेस लावणाऱ्या त्या बाई कुठे राहतात, मला माहीत नाही. डिंडोलीत लेसचा माल घरोघरी टाकणारे जे टेम्पोवाले आहेत, त्यांच्याकडेही प्रती देऊन ठेवणार आहे.